हापशाची बंदूक

“ही बंदूक न्हाय, हापसा हाय,” आबा म्हणाले आणि त्यांनी ती काउंटरवरून दुकानदाराकडे परत ढकलली. “दुनळी दाखवा.”

कोल्हापुरातल्या त्या दुकानात भिंतीला ओळीनं बंदुका उभ्या होत्या आणि समोर स्टुलावर मी बसले होते, काठपदराची साडी नेसून. बंदूक घ्यायला जाताना काय नेसायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लग्नाला जाते तशी गेले होते.

दुकानदार सत्तरीचा, थंड डोक्याचा माणूस होता. त्यानं निमूटपणे दुनळी काढून दिली. आबांनी ती मधून वाकवून उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला, खांद्याला लावली. गावाकडचं कुणी अचानक भेटावं तसा त्यांचा चेहरा खुलला.

“दोन नळ्या, दोन काडतुसं. बिघडायला आत काय न्हायच. घे, धर.”

मी धरली. खांद्याला टेकवायचा दस्ता एवढा लांब, की चापावर बोट पोचवताना मान वाकडी झाली.

“मान का वाकडी करतीस?”

“बोट पोचत न्हाई, आबा.”

“सवयीनं पोचतंय.”

सवयीनं बोट कसं लांब होईल, हे मी मनातल्या मनात विचारलं. आमच्या घरात सासऱ्यांना उलट बोलायची रीत नव्हती. आबा, म्हणजे दौलतराव निकम, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. तिथं बरीच वर्षं नव्या रंगरुटांना हत्यारं शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. उसातल्या रानडुकरांसाठी त्यांची स्वतःची दुनळी तीस वर्षं घरात होती आणि तिच्यापलीकडे बंदूक नावाची वस्तू असू शकते, हे त्यांना मान्य नव्हतं.

मला बंदूक लागत होती ती नोकरीसाठी. आमच्या तालुक्यातल्या महिला बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्या बायकाच होत्या. अध्यक्षा प्रमिलाताई गुजर म्हणाल्या, मग दारातच तेवढा मिशीवाला कशाला? बंदूकधारी बाई ठेवायची. माझी होमगार्डमधली आठ वर्षं बघून त्यांनी मला बोलावलं. अट अशी होती, की परवाना आणि बंदूक माझी हवी आणि पोलिसांच्या फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, चाचणी पास व्हायची. पाच काडतुसं, त्यातली निदान तीन निशाण्यावर. संचालक मंडळातल्या दोघींना ही कल्पना अजिबात पटलेली नव्हती. त्यांनी एका एजन्सीचा माणूस बघूनही ठेवला होता. मी नापास झाले तर पहिल्या तारखेपासून तो दारात उभा राहणार होता.

मला ती नोकरी किती हवी होती, ते सांगून कळायचं नाही. आठ वर्षं मी गणपतीच्या मिरवणुकीत काठी घेऊन उभी राहिले होते आणि आठही वर्षं लोक “ओ बाई, जरा सरका” म्हणून मला ढकलून पुढं गेले होते. एकदा तरी अशा दारात उभं राहायचं होतं, जिथं लोक मला विचारून आत जातील. परवान्याच्या कागदांसाठी दीड वर्ष आबाच माझ्याबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढले. आमचे हे ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यांनी फोनवरून एवढंच सांगितलं, “आबा म्हणतील ती घे.”

दुकानदार माझ्या वाकड्या मानेकडे बघत होता. तो म्हणाला, “वहिनी, ही हापशाची एकदा खांद्याला तर लावा. हिचा आधीचा मालक बुटका होता. त्यानं दस्ता कापून घेतलाय.”

मी लावली. बोट आपलं आपण चापावर जाऊन बसलं. डावा हात नळीखालच्या सरकत्या लाकडी मुठीवर.

“आता ती मूठ मागं ओढा आणि पुढं ढकला.”

खटक-खटक. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, दोघांनीही वळून बघितलं. आबांनीही बघितलं. वयाच्या सातव्या वर्षापासून मी वस्तीवरच्या हापशाशी झटापट करत आले होते. दोन्ही हातांना काम असलेली वस्तू मला लगेच ओळखीची वाटली.

“अडकती ही,” आबा दुकानदाराला म्हणाले. “मूठ अर्धी ओढली की काडतूस मधीच अडकतंय. दुनळी कधी अडकल्याली ऐकलीया का?”

“अर्धी ओढली तर अडकते,” दुकानदार म्हणाला. “पुरी ओढली तर नाही.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्या बोटाकडे बोट दाखवलं.

“पोचतंय?”

“पोचतंय, आबा.”

“मग बांधा,” ते म्हणाले. सूर असा, की मुलीनं स्वतःच जावई ठरवलाय आणि आता लग्न लावून देण्यावाचून इलाज नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं खोळीतल्या त्या लांबलचक वस्तूकडे बघून विचारलं, “पाइप हाय का? लगेज पडंल.”

“हापसा हाय,” आबा म्हणाले आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पहिला धडा झाला. मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले, तर आबा ओरडलेच.

“पदर खोच! बंदूक हातात असली की मी सासरा न्हवं. उस्ताद. काय?”

“उस्ताद.”

“आता पहिली गोष्ट. बंदूक कुणीबी हातात दिली की उघडून बघायची. रिकामी हाय म्हणाला तरी बघायची. डोळ्यानं बघायची, मग बोट घालून बघायची. मॅनेजरनं दिली तरी, कमिशनरनं दिली तरी. मी दिली तरी. काय?”

“तुमी दिली तरी, उस्ताद.”

“नळी कायम जमिनीकडं न्हाईतर निशाण्याकडं. माणसाकडं न्हाय, म्हशीकडं न्हाय.”

म्हैस गोठ्यातून सगळं बघत होती. ती जरा मागं सरकली असं मला उगीचच वाटलं.

सरावासाठी आबांनी आपल्या जुन्या उडवलेल्या काडतुसांची लाल टरफलं काढली. वजन यावं म्हणून त्यांत बाजरी भरली आणि वरून मेणबत्तीचं मेण ओतून तोंडं बंद केली. अशी पाच काडतुसं झाली. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या दारातून म्हणाल्या, “खायची बाजरी बंदुकीत घालताय, डुकरास्नी जेवाय वाढायचं हाय व्हय?”

ती पाच काडतुसं पोटाखालच्या फटीतून एकेक करून आत भरायची, मूठ ओढायची, पुढं ढकलायची, चाप दाबायचा, परत ओढायची. ओढली की आतलं काडतूस उजवीकडून टुणकन बाहेर पडायचं. निदान तसं पडायला हवं होतं. माझं मधेच तिरकं होऊन बसायचं. महागाची वस्तू मोडेल या भीतीनं मी मूठ हळूच ओढायचे.

“लाजतीस कशाला तिला?” आबा कपाळावर हात मारून घ्यायचे. “हापसा अर्धा मारला तर घागर भरती का?”

“न्हाई, उस्ताद.”

“मग मार पुरा! ठोका बसला पायजे मागं. ऐकू आला पायजे मला.”

रोज सकाळी दोनशे वेळा. कुंपणापलीकडे पाण्याला आलेल्या बायका उभ्या राहून बघायच्या. “जयमाले, आलं का गं पाणी?” असं रोज कुणीतरी विचारायचीच, आणि बाकीच्या घागरी खाली ठेवून हसायच्या. पंधराव्या दिवशी मी पाचही काडतुसं एका दमात बाहेर पाडली तेव्हा त्यांतल्याच एकीनं टाळी वाजवली.

मग पोलिसांच्या परवानगीनं एकदा बटवर जाऊन खरी काडतुसं उडवली. पहिल्याच दणक्याला मी दोन पावलं मागं आले आणि बार मातीच्या ढिगाच्याही वरून गेला. खांदा जांभळा झाला. आत्यांनी हळदीचा लेप लावता लावता आबांना चार शब्द सुनावले. आबांनी मला दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट धरायला शिकवलं, श्वास सोडून चाप दाबायला शिकवलं. शिकवण्यात त्यांनी हातचं काही राखलं नाही. पण त्या वस्तूला बंदूक म्हणायचं मात्र त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. “तुझा हापसा पुसलास का?” एवढंच. ते मला लागायचं. वाटायचं, मी कितीही शिकले तरी यांच्या लेखी हा पोरखेळच राहणार.

चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. दसऱ्याला सकाळी मी पुरणाच्या गडबडीत होते. बाहेर आले तर सोप्यात पाट मांडलेला, त्यावर दरवर्षीसारखे विळे, कोयते, ट्रकचा पाना आणि आबांची दुनळी. आणि दुनळीच्या आधी, सगळ्यांत पहिली, माझी बंदूक. रीतीप्रमाणे मूठ मागं ओढून उघडी ठेवलेली. झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं आणि मुठी-मुठीनं अक्षता. आबा सोवळं नेसून पूजा करत होते आणि काही म्हणता हात आखडता घेत नव्हते.

मी तशीच दारात उभी राहिले.

आरती झाली. आबांनी माळ काढली, बंदूक बंद केली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्यापुढं केली.

“घे. उद्या ही बंदूक पास करून आण.”

बंदूक म्हणाले. मी डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हातांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि खोळीत घातली.

दुसऱ्या दिवशी बटवर चाचणी घ्यायला राखीव पोलीस निरीक्षक तांबोळीसाहेब होते. मी होमगार्डचा खाकी गणवेश घातला होता. प्रमिलाताई आल्या होत्या आणि न पटलेल्या दोघी संचालिकाही आल्या होत्या, छत्री घेऊन. आबा दोरीच्या बाहेर उभे होते, इस्त्रीचा सदरा आणि टोपी.

मी पाच काडतुसं भरली. मूठ ओढून पुढं ढकलली, नेम धरला, श्वास सोडला. धडाड! पंचवीस पावलांवरच्या पुठ्ठ्याच्या माणसाची छाती फाटली. मागून प्रमिलाताईंचं “शाब्बास!” ऐकू आलं.

मूठ मागं ओढली. पुरी ओढली, ठोका बसला. पुढं ढकलली आणि ती अर्धं बोट अलीकडंच थांबली. जोर लावला. हलेना. चाप दाबला तर मेल्यासारखा.

शिकवल्याप्रमाणे सेफ्टी लावली, नळी निशाण्याकडेच ठेवली आणि एक हात वर केला. तांबोळीसाहेब आले. त्यांनी बंदूक घेतली, भरलेली काडतुसं काढली, उलटी करून दस्त्यावर दोन थापा मारल्या. त्यांच्या तळहातावर हळद लागलेले, तेलानं चिकटलेले पाच-सहा तांदूळ पडले. मागोमाग झेंडूची एक पाकळी.

“हे काय, मसालेभात?” त्यांनी विचारलं.

बाजूचे दोन शिपाई हसले. मला हसू आलं नाही.

“कालची पूजा, साहेब.”

“पूजा कोणी केली?”

दोरीपलीकडे आबा ताठ उभे होते. अर्धं आयुष्य दुसऱ्यांना हत्यार साफ ठेवायला शिकवण्यात गेलेला माणूस.

“मीच केली, साहेब,” मी म्हणाले.

“म्हणजे आत अक्षता गेल्या असतील हे तुम्हाला माहीत होतं. आणि तरीही आज बंदूक उघडून बघितली नाही?”

“न्हाई, साहेब.”

“मग नेम कसाही असो. हत्यार न तपासता गोळीबाराला येणारा माणूस मी बँकेच्या दारात उभा करत नाही. नापास.”

दोघी संचालिकांनी छत्री मिटली. माझ्या कानात अजून पहिल्या बाराचा आवाज घुमत होता. एवढ्यात आबा दोरीखालून वाकून आत आले.

“साहेब, तांदूळ माझं हायती. पूजा मी केली, बंद करून तिच्या हातात मीच दिली.”

“मग चूक तुमची झाली, आजोबा.”

“न्हाय. चूक तिचीच हाय,” आबा म्हणाले. मी चमकून बघितलं. “दिली मी, पर तपासायची तिनं. पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं, मी दिली तरी.” ते माझ्याकडे वळले. “का न्हाय तपासलीस?”

खोटं सांगायची ताकद उरली नव्हती.

“तुमी दिलीत म्हणून, आबा. तुमच्या तोंडावर उघडून बघायचं म्हंजे तुमच्यावर भरवसा न्हाई असं झालं असतं. काल तुमी उस्ताद न्हवता. सासरे हुता.”

आबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली.

“उद्या मॅनेजरबाई हिच्या हातात बंदूक देतील,” ते साहेबांना म्हणाले, पण सांगत मलाच होते. “त्या मोठ्या, म्हणून बघायची न्हाय? मोठ्या माणसाच्या चुकीनंबी माणूस मरतंय. साहेब, हिला पास करा म्हणत न्हाय मी. एकदा परत उभी करा. न्हाय जमलं तर मीच घरी घेऊन जातो.”

तांबोळीसाहेबांनी घड्याळ बघितलं, मग आबांकडे बघितलं. “साफ करून आणा. वीस मिनिटं.”

मी पुढं झाले तर आबा म्हणाले, “तू हितंच थांब.” ते आणि साहेब बंदूक घेऊन पलीकडच्या टेबलाशी गेले. दोघं पाठमोरे वाकून काहीतरी खुडबुड करत होते. मध्येच साहेबांनी जोरजोरात मान हलवली. मग परत वाकले.

वीस मिनिटांनी आबा आले. बंदूक बंद, चकचकीत, दोन्ही हातांवर आडवी. अगदी कालच्यासारखी. टोपीसुद्धा त्यांनी सरळ केली होती. प्रमिलाताई, संचालिका, शिपाई सगळे बघत होते.

“घे,” सासरे म्हणाले.

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला, पदराला. तिथं होमगार्डची टोपी होती. मी हात खाली घेतला. बंदूक घेतली, नळी निशाण्याकडे वळवली. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत मी त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन कधी बोलले नव्हते. तेव्हा बोलले.

“तपासते, आबा.”

मूठ पुरी मागं ओढली. ठोका बसला आणि आतून एक लाल काडतूस टुणकन उडून माझ्या बुटाशी पडलं.

मी दचकून उचललं. तोंडाला मेणबत्तीचं मेण.

“बाजरी!” मी ओरडलेच.

आबांची मिशी थरथरायला लागली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा ते पोट धरून हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. “तांदळानं फसलीस, म्हटलं बाजरीनं फसतीस का बघावं.”

“मी नको नको म्हणत होतो,” तांबोळीसाहेब म्हणाले, पण तेही रुमालानं डोळे पुसत होते. प्रमिलाताईंना काय झालं ते कळलं नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“बोट घालून बघितलंस का?” आबांनी दरडावलं.

मी बोट घालून बघितलं. रिकामी होती.

“आता भर.”

पाच बार काढले. चार छातीत लागले. पाचवा कुठं गेला ते कुणालाच सापडलं नाही, कारण तोवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुठ्ठ्याची दोन माणसं दिसत होती.

पहिल्या तारखेला मी बँकेच्या दारात उभी राहिले. पहिल्याच दिवशी एक फेटेवाले म्हातारबा थबकले आणि म्हणाले, “बाई, आत जाऊ का?” घरी जाऊन मी हे आबांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

सतरा वर्षं उभी राहिले. दर दसऱ्याला आबा पूजा करायचे, बंदूक बंद करून माझ्यापुढं धरायचे आणि मी पदर घेऊन, सगळ्या घरादेखत, ती उघडून बघायचे. दर वर्षी आत काहीतरी असायचं. एकदा सुपारी, एकदा लवंग. एका वर्षी त्यांनी बत्तासा ठेवला आणि मी यायच्या आत मुंग्या लागल्या, तेव्हा आत्या आम्हा दोघांवर दिवसभर भडकल्या होत्या. ते निघालं, की आबा नुसतं “हं” म्हणायचे आणि जेवायला बसायचे. मग मी ती उलगडून, पुसून, तेल देऊन ठेवायचे.

आबांच्या शेवटच्या वर्षी त्यांना पाटावर बसवत नव्हतं. खुर्चीवरून पूजा केली. बंदूक धरताना हात थरथरत होते, म्हणून मी जरा पुढं वाकून घेतली. मूठ ओढली. आत आपट्याचं पान होतं, घडी घालून ठेवलेलं.

“सोनं घे,” आबा म्हणाले. त्या वर्षी “हं” म्हणाले नाहीत.

पुढच्या दसऱ्याला पूजा मी केली. झेंडूची माळ काढली, मूठ पुढं सारून बंदूक बंद केली, दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. मग डोक्यावरचा पदर सावरून नळी जमिनीकडे केली आणि मूठ मागं ओढली. ठोका बसला.

आत काही नव्हतं. मी बोट घालून परत एकदा बघितलं.